टेम्पोतून दुचाकी सुखरूप कशी न्यावी: पुण्यातल्या नवख्यांसाठी

गाडी टेम्पोत चढवली, दोरीनं आवळली, फाळका लावला की झालं, असं पहिल्यांदा गाडी पाठवणाऱ्याला वाटतं. पण माझ्या पाहण्यात गाडीला जे काही लागतं ते बहुतेक वेळा चढवताना, उतरवताना किंवा दोरी भलत्या जागी बांधल्यामुळे लागतं. वाकलेला ब्रेक लिव्हर, फुटलेला इंडिकेटर, टाकीवर दोरीनं उठलेला ओरखडा, गळका शॉकअप, सगळं टाळता येण्याजोगं.

लातूरहून शिकायला आलेल्या मुलाची स्प्लेंडर असो, हिंजवडीतली नोकरी बदलून बंगळूरला निघालेल्या मुलीची ॲक्टिव्हा असो, की ताम्हिणीत बंद पडलेली बुलेट, रीत एकच. गाडी स्टँडवर नव्हे तर स्वतःच्या दोन्ही चाकांवर सरळ उभी हवी, आणि चार बाजूंनी खाली ताणलेली हवी. हे काम मालकानं शेजारी उभं राहून करून घ्यावं. टेम्पोवाले दादा अनुभवी असतात, पण त्यांचा हात कपाटं, फ्रिज आणि पोती बांधण्यावर बसलेला असतो. गाडीला शॉकअप असतात, खड्ड्यात ती खाली-वर होते, म्हणून तिची बांधणी वेगळी.

आधी वाहन ठरवा

पुण्यात सगळ्यात सहज मिळतो तो छोटा हत्ती, म्हणजे टाटा एससारखा छोटा टेम्पो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब असतो. स्प्लेंडर, पल्सर, ॲक्टिव्हा त्यात नीट बसते. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची लांबी मात्र २१४५ मिमी, म्हणजे सात फुटांहून किंचित जास्त. ती छोट्या हत्तीत तिरकी ठेवावी लागते किंवा फाळका उघडा ठेवावा लागतो, आणि दोन्हींत बांधणी बिघडते. बुलेट, हिमालयन किंवा मोठी टूरिंग गाडी असेल तर लांब हौद्याचा पिकअप सांगा. भाड्यात थोडा फरक पडेल, तो पडू द्या. फोनवरच हौद्याची लांबी विचारा, आणि दोर बांधायचे हुक शाबूत आहेत का तेही विचारा. जुन्या टेम्पोंचे हुक पुष्कळदा गंजून तुटलेले असतात.

कारमागे जोडायचा ट्रेलर आपल्याकडे कमी लोकांकडे असतो. मिळालाच तर त्याची स्वतंत्र नोंदणी आणि मागचे दिवे चालू आहेत का, ते पाहा. गाडीचं वजन ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या थोडं पुढे पडलं पाहिजे. ते मागे पडलं की ट्रेलरची शेपटी हलायला लागते आणि वेग वाढला की कार आवरत नाही.

सामान

रॅचेटचे, म्हणजे दातेरी कळीनं आवळायचे, चार पट्टे आणि दोन जास्तीचे. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पट्ट्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा पट्टा तुटण्याचा असतो. आपल्याला बघायचा असतो तो वापरण्याच्या वजनाचा, आणि एकेका पट्ट्याचा तो आकडा गाडीच्या वजनाहून जास्त असावा. क्लासिक ३५० चं वजन सुमारे १९५ किलो, पल्सर १५० चं १४८ च्या आसपास, स्प्लेंडरचं ११२. यावरून अंदाज येईल. पट्टे पॉलिएस्टरचे असावेत. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते, आणि जुलैत ती ओली होणारच.

याखेरीज कापडी पट्टीचे चार छोटे फास, म्हणजे हुक थेट गाडीच्या लोखंडाला लावावा लागत नाही. पोत्याचे तुकडे, स्वच्छ मऊ फडकी, एक जुना टायर, सुतळी, चिकटपट्टी. आणि फळी.

फळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माणसं तिथेच घाई करतात. टेम्पोचा हौदा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो. पाच फुटांची फळी लावली तर चढ ३० अंशांचा होतो आणि १९५ किलोची गाडी वर नेताना जवळपास शंभर किलोचा जोर लागतो. तीच फळी आठ फुटांची असेल तर चढ १८ अंशांवर येतो आणि जोर साठ किलोंवर. शिवाय आखूड फळीवर वरच्या टोकाला गाडीचं पोट घासतं. पुढचं चाक हौद्यात, मागचं फळीवर, आणि सेंटर स्टँड बरोबर कडेला अडकलेला, अशी गाडी ना वर जाते ना खाली येते. जाड, एक फूट रुंद, आठ फूट लांब लाकडी फळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळेल. शेजारी दुसरी फळी हवीच, गाडी धरणाऱ्या माणसाला चालायला.

फळी नसेल तर जागा शोधा. चढाच्या रस्त्यावर टेम्पो असा लावता येतो की त्याची शेपटी उंच बाजूला येते आणि मागची जमीन जवळजवळ हौद्याच्या पातळीत येते. बावधन, पाषाण, कात्रजकडे असे उतार पावलोपावली आहेत. एखाद्या वखारीचा किंवा गाळ्याचा माल चढवायचा उंच धक्का वापरायला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

गाडीची तयारी

आधी गाडी धुवा. स्वच्छतेची हौस म्हणून नव्हे. पट्ट्याखाली धूळ राहिली तर ती वाटभर पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. धुतल्यावर चारी बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा आणि आधीचे ओरखडे दिसतील असे. फोटो टेम्पोवाल्यासमोरच काढा.

टाकीत पेट्रोल पाव टाकीच्या वर नको. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची चावी, बंद करा. आरसे, मोबाइलचा स्टँड, साइड बॅगा काढून ठेवा. अलार्म असेल तर बंद, नाहीतर दर खड्ड्याला बोंबलेल. हवा नेहमीएवढी भरा. मऊ टायरवर बांधलेली गाडी डुलते. हँडल लॉक करू नका. चाक सरळ राहायला हवं, आणि लॉकवर ताण आला तर लॉकच तुटतो.

कागदपत्रांत आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं दोन ओळींचं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत टेम्पोवाल्याजवळ द्या. विम्याची एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. सर्वसमावेशक पॉलिसीच्या नेहमीच्या मजकुरात गाडी रस्त्यानं किंवा रेल्वेनं नेली जात असताना होणारं नुकसानही धरलेलं असतं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ते नसतं. निघायच्या आदल्या दिवशी पॉलिसी उघडून ते कलम वाचा.

चढवणं

वेळ पहाटेची घ्या. सदाशिव किंवा कसबा पेठेतल्या बोळात सकाळी दहाला टेम्पो आडवा लावून गाडी चढवणं म्हणजे मागच्यांचे हॉर्न आणि आपली घाई, आणि घाईत गाडी पडते.

टेम्पो गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. फळीचं वरचं टोक टेम्पोला सुतळीनं किंवा पट्ट्यानं बांधा. हे कधीही टाळू नका. गाडी चढताना चाक फळीला मागे रेटतं आणि सुटी फळी निसटते. फळी ओली असेल तर पोतं अंथरा.

माणसं तीन. एक गाडीच्या डाव्या बाजूला, दोन्ही हात हँडलवर, उजवी बोटं पुढच्या ब्रेकवर. दोघं मागे, एकेका बाजूला. त्यांनी धरायचं ते सीटमागचं लोखंडी हँडल. इंडिकेटर, मडगार्ड, नंबर प्लेट, सायलेन्सर यांना हात नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू करून क्लच सोडत गाडी वर नेणारे पुष्कळ दिसतात, आणि जमतंही. पण एकदा क्लच निसटला की गाडी थेट केबिनवर जाऊन आदळते. नवख्यांनी ढकलूनच न्यावी.

कोण बोलणार ते आधी ठरवा. एकानंच "चला" आणि "थांबा" म्हणायचं. फळीच्या मध्यावर थांबू नका. दम घ्यायचा तो खाली किंवा वर.

बांधणं

पुढचं चाक केबिनच्या बाजूच्या पत्र्याला टेकवा, मध्ये जुना टायर ठेवा. गाडी हौद्याच्या मधोमध घ्या. एकानं ती शेवटपर्यंत धरून ठेवायची. साइड स्टँड वर. साइड स्टँडवर उभी करून आवळलेली गाडी सगळा भार त्या एका बिजागरीवर टाकते. स्टँड वाकतो, त्याचा फ्रेमवरचा जोड तडकतो आणि गाडी कललेलीच राहते. सेंटर स्टँडही नको, कारण जोराच्या धक्क्यानं गाडी त्यावरून पुढे उडी मारते. गिअरच्या गाडीला पहिला गिअर टाका. पुढचा ब्रेक लिव्हर रबरानं आवळून ठेवा.

आता पुढचे दोन पट्टे. हे कुठे लावायचे यावर सगळं अवलंबून आहे. हँडलच्या टोकांना लावू नका. हँडल फिरतं, वाकतं, आणि पट्टा ब्रेकच्या नळीवर किंवा वायरिंगवर चढतो. हेडलाइटच्या मागे वाकून पाहा. दोन्ही शॉकअप एका जाड लोखंडी पट्टीत घट्ट धरलेले दिसतील, मेकॅनिक लोक तिला टी म्हणतात. कापडी फास त्या खालच्या टीभोवती घाला आणि पट्ट्याचा हुक फासात अडकवा. मध्ये वायर किंवा नळी दबत नाही ना, बोट फिरवून पाहा. मग एक पट्टा डावीकडे पुढे-खाली, दुसरा उजवीकडे पुढे-खाली, दोन्ही सुमारे ४५ अंशांत. सरळ खाली घेतले तर गाडी डोलते.

छोट्या हत्तीचे हुक बहुधा फाळक्यांच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे पट्टा पत्र्याच्या धारदार कडेवरून जातो. तिथे पोत्याची चौपदरी घडी ठेवा. अशा कडेवर घासून अर्धा कापलेला पट्टा मी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एका पिकअपमध्ये पाहिला आहे. वरून तो अगदी ताठ दिसत होता. दादांनी हात लावला तेव्हा धागे सुटायला लागले.

दोन्ही पट्टे आलटून पालटून आवळा. डावीकडे दोन दाते, उजवीकडे दोन दाते. गाडी सरळ आहे का, ते मागून एकानं बघत राहायचं. किती आवळायचं? पुढचे शॉकअप जितके दबू शकतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दाबले गेले पाहिजेत. कमी दाबले तर खड्ड्यात गाडी आणखी खाली बसते, त्या क्षणी पट्टा सैल पडतो आणि हुक गळून पडतो. गाडी आडवी होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. पूर्ण दाबले तर शॉकअपला हलायला जागाच उरत नाही, सगळा धक्का ऑइल सीलवर जातो. आणखी खबरदारी म्हणून हुक अडकवल्यावर त्याच्या तोंडाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पट्टा क्षणभर सैल झाला तरी हुक सुटणार नाही.

मागचे दोन पट्टे फ्रेमच्या पक्क्या भागाला किंवा सीटमागच्या लोखंडी हँडलच्या बुडाला. दिशा मागे आणि बाहेर. हे पुढच्यांइतके आवळायचे नाहीत, मागचं चाक आडवं सरकू नये इतपत पुरे. पाचवा पट्टा मागच्या चाकातून, रिमभोवती, हौद्याच्या कडीला. चाकाच्या तारांना कधीही नाही.

मग हँडल धरून गाडी जोरात हलवा. गाडीबरोबर अख्खा टेम्पो डुलला तर बांधणी बरोबर. गाडी एकटीच हलली तर पुन्हा आवळा. पट्ट्यांची सुटी टोकं गुंडाळून बांधा, वाऱ्यानं फडफडून तीही रंग घासतात. त्याच कारणानं गाडीवर सैल ताडपत्री टाकू नका.

स्कूटरचं थोडं वेगळं. ॲक्टिव्हासारख्या गाडीला पुढे टी हाताशी येत नाही आणि चहूकडे प्लॅस्टिक. हँडलच्या मधल्या लोखंडी दांड्याला फास बसत असेल तर उत्तम. नसेल तर पाय ठेवायच्या जागेवर जाड घडीची चादर ठेवून पट्टा तिच्यावरून दोन्ही बाजूंना खाली घ्या, आणि मागून लोखंडी हँडलला दोन पट्टे. स्कूटरला गिअरचा आधार नाही, म्हणून मागचा ब्रेक धरून ठेवणारी क्लिप असेल तर ती लावा, नसेल तर लिव्हर रबरानं आवळा.

रॅचेट नाहीच मिळाले आणि नुसती दोरी असेल, तर दादांना दोरीच्या मध्यावर एक फास पाडायला सांगा. दोरी हुकाखालून घेऊन त्या फासातून परत खाली ओढली की बराच जास्त ताण मिळतो. ही गाठ जवळपास प्रत्येक टेम्पोवाल्याला येते. मात्र दोरी दर अर्ध्या तासानं तपासावी लागेल.

वाटेत

हौद्यात गाडीजवळ बसून जाऊ नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवणं बेकायदा आहे, आणि पट्टा सुटला तर गाडी तुमच्याच अंगावर येते. केबिनमध्ये बसा, नाहीतर दुसऱ्या गाडीनं मागे या.

पहिला थांबा शहर सोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटरच्या आत. तेवढ्यात पट्टे बसतात, टायर थोडे सरकतात, ताण कमी होतो. साताऱ्याकडे निघालात तर खेड शिवापूर, म्हणजे पुढचा खंबाटकी घाट लागायच्या आत. नाशिककडे निघालात तर चाकण. मुंबईकडे निघालात तर तळेगावच्या आसपास. द्रुतगती मार्गावर दुचाकी चालवायला बंदी आहे. टेम्पोतली दुचाकी हा माल असतो, त्यामुळे टेम्पोला तिथून जाता येतं. घाट उतरायच्या आत एकदा पुन्हा हात लावून बघा.

रस्त्यात बंद पडली तर

गाडी डावीकडे अगदी कडेला घ्या, आणि तुम्ही स्वतः लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभे राहा. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर हे आधी करा, फोन नंतर. तिथे ट्रक वेगात उतरतात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, अपघात असेल तर ११२. विम्यासोबत किंवा कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा, घाटात रेंज असेलच असं नाही.

क्रेन मागवताना "दुचाकी आहे, सपाट हौद्याची गाडी पाठवा" असं स्पष्ट सांगा. कारसाठीची हुकाची क्रेन आली तर ती दुचाकी हँडलला साखळी लावून लटकवते, त्याला नाही म्हणा. उचलायचीच वेळ आली तर पट्टा इंजिनखालून फ्रेमला घ्यायचा, चाकांतून नाही. अपघातात शॉकअप वाकला असेल तर गाडी ढकलू नका, चौघांनी उचलून ठेवा. कुणी जखमी असेल तर पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका. नुसतंच नुकसान असेल तरी हलवण्यापूर्वी विम्यासाठी फोटो काढा.

मित्राच्या गाडीला दोरी लावून टोचन करत नेणं किंवा मागून पाय लावून ढकलणं गल्लीतही टाळा. पुढच्यानं अचानक ब्रेक मारला की दोरी सैल पडते, मग झटक्यात ताणते, आणि मागच्याचं हँडल हातातून हिसकतं.

रेल्वे आणि पॅकर्स

लांबच्या गावाला रेल्वे स्वस्त पडते. पुणे स्टेशनच्या पार्सल कार्यालयात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन जा. त्याच रेल्वेगाडीचं तुमचं तिकीट असेल तर लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून नोंद होते आणि दर वेगळे असतात. टाकी पूर्ण रिकामी हवी, थेंबही नको. पोतं आणि पुठ्ठ्यानं पॅकिंग करून घ्या, हेडलाइट आणि टाकीला दुहेरी. नाव, फोन, कुठून कुठे हे पुठ्ठ्यावर ठळक लिहा. पोहोचल्यावर ठरल्या वेळेत सोडवली नाही तर विलंबशुल्क लागतं.

पॅकर्सकडे, म्हणजे सामान हलवणाऱ्या कंपनीकडे, देताना अख्खे पैसे आगाऊ देऊ नका. जीएसटी नंबर असलेली पावती, बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याचा कागद) आणि वाहतूक विम्याचा कागद हातात घ्या. निगडीच्या वाहतूकनगरीत किंवा जिथे त्यांचं गोदाम असेल तिथे एकदा स्वतः जाऊन या. पत्ता सांगायला टाळाटाळ करणाऱ्याला गाडी देऊ नका.

उतरवणं

इथे थकलेले असतो, म्हणून सावकाश. आधी मागचे पट्टे सोडा, पुढचे शेवटी, आणि पुढचे सोडण्याआधी एकानं गाडी धरलेली असली पाहिजे. शॉकअप एकदम वर उसळतात. गाडी मागच्या चाकानं खाली घ्यायची. या वेळी सगळं वजन मागे असतं, पुढचं चाक हलकं होतं आणि पुढचा ब्रेक दाबला तरी ते घसरतं. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि क्लच थोडा थोडा दाबत-सोडत उतरवा, म्हणजे मागचं चाकच ब्रेकचं काम करतं. दोघं मागून टेकू देतील, पण फळीच्या सरळ रेषेत नव्हे, बाजूला राहून.

पावतीवर सही करायच्या आधी फोटोंशी ताडून बघा. काही लागलं असेल तर पावतीवरच लिहा, मग सही. ब्रेकचं रबर काढा, पेट्रोल कॉक उघडा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. तेलाचं ओलं वर्तुळ दिसलं तर सील गेलंय, मेकॅनिककडे न्या. तसं काही नसेल तर जागेवरच दोन्ही ब्रेक दाबून बघा, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरतंय ना ते पाहा, आणि हेल्मेट घालून हळूहळू जवळच्या पंपापर्यंत जा.